डाव्या वळणावरची चेन

सातव्या फेरीत रंजनीची गो-कार्ट त्या लांब डाव्या वळणात शिरली, तेव्हा महेश कुंपणाला टेकून हातातल्या स्टॉपवॉचकडे बघत होता. आधी त्याला आवाज आला. इंजिन एकाएकी मोकळं सुटल्यासारखं किंचाळलं, पाठोपाठ लोखंडात लोखंड अडकल्याचा खट्ट आवाज झाला, आणि तो मान वर करेपर्यंत कार्टची मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम झाली होती. कार्ट दोनदा गरकन फिरली आणि ट्रॅकच्या मधोमध, येणाऱ्यांकडे तोंड करून थांबली. मागून सहा जण भरधाव येत होते. पाच जण कसेबसे बाजूने निघून गेले. सहाव्याने तिच्या पुढच्या चाकाजवळून, वीतभर अंतरावरून कार्ट वळवली आणि तो सरळ गवतात घुसला.

महेश धावत सुटला. काय झालं हे त्याला पळता पळताच कळलं होतं. सकाळच्या सरावातही असंच झालं होतं, फक्त तेव्हा वेग कमी होता. चेन उतरली होती. या वेळी ती नुसती उतरली नव्हती, तर मागच्या एक्सलवरचं मोठं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, आणि त्याच्या शेजारचं बेअरिंग यांच्या फटीत जाऊन पाचरीसारखी बसली होती. म्हणून चाकं जाम झाली होती.

रंजनी हेल्मेट काढून गवतात बसली होती. तिला काही लागलं नव्हतं. तिने एवढंच विचारलं, की दुसऱ्या हीटच्या, म्हणजे अंतिम शर्यतीआधीच्या दुसऱ्या छोट्या शर्यतीच्या, आत नीट होईल ना. होईल, असं महेशने सांगितलं.

चेन्नईजवळच्या कोवलमच्या पुढे, ईस्ट कोस्ट रोडपासून दोन किलोमीटर आत, जुन्या मिठागरांच्या सपाट जमिनीवर हा ट्रॅक होता. मोसमातली शेवटची शर्यत होती. रंजनी आपल्या गटात नऊ गुणांनी पुढे होती, आणि गटात पहिल्या येणाऱ्याला पुढच्या वर्षी एका संघाच्या खऱ्याखुऱ्या रेसिंग कारमध्ये जागा मिळणार होती. वय एकोणीस, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. घराणं तंजावरकडचं, मराठी, पण चार पिढ्या चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये राहिलेलं. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि कॉलेजात इंग्रजी, त्यामुळे घाईत असली की तिच्या एका वाक्यात तिन्ही भाषा यायच्या. महेश इचलकरंजीचा. तेरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईत आला आणि एका गिअरबॉक्सच्या कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख झाला. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने या मुलीला भाड्याची कार्ट चालवताना पाहिलं, आणि तेव्हापासून त्याचे रविवार तिच्या कार्टपाशी जात होते.

तिसरा माणूस म्हणजे रंजनीचे मामा, वेंकोबा. वय चौसष्ट. गुम्मिडिपूंडीच्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तापलेले लोखंडी ठोकळे वाहून नेणाऱ्या साखळ्यांची देखभाल हे त्यांचं काम होतं. कार्टवर त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे चेन. ती धुवायची, तेल द्यायचं, ताण बघायचा. बाकी कशाला ते हात लावत नसत आणि कुणी विचारल्याशिवाय बोलतही नसत.

कार्ट ढकलत आणून स्टँडवर चढवली, तेव्हा ते तेलाची बाटली घेऊन उभेच होते. महेशच्या डोळ्यांसमोर अजून ती सहावी कार्ट होती.

"मामा, चेन किती ढिली ठेवली होती?"

"रोज ठेवतों तितकीच. एक बोट."

"एक बोट असती तर उतरली नसती."

शेजारच्या तंबूतले मेकॅनिक हातातलं काम थांबवून बघत होते. महेशला ते दिसत होते, तरी त्याने आवाज खाली आणला नाही. तो म्हणाला, की मिलमधली साखळी मिनिटाला चार फूट सरकते, इथे चेन सेकंदाला कित्येक वेळा फिरते, दोन्हीचं गणित एक नाही. आणि शेवटी म्हणाला, "यापुढे चेनला हात लावू नका. मी बघतो."

वेंकोबांनी बाटलीचं झाकण घट्ट बंद केलं, ती पेटीवर ठेवली, फडक्याला एकेक बोट पुसलं आणि कुंपणाच्या कडेला सुरूच्या झाडांखाली जाऊन बसले. रंजनीने हे सगळं पाहिलं. ती मामांच्या मागे निघाली होती, पण महेशने तिला पाणी पिऊन पडून राहायला सांगितलं.

दुसऱ्या हीटला अडीच तास होते. महेशने पद्धतशीर सुरुवात केली. इंजिनाजवळचं छोटं स्प्रॉकेट काढून त्याने दात उन्हात धरून पाहिले. दोन दात किंचित एका बाजूला झुकल्यासारखे वाटले, म्हणून तिथे नवं चढवलं. जुनी चेन काढून नवी घातली. सरळ पोलादी पट्टी दोन्ही स्प्रॉकेटना टेकवून डोळा लावला, कुठे फट नव्हती. मग मागचं चाक हाताने सावकाश फिरवत त्याने दर पाव फेऱ्याला चेनचा ताण बोटाने दाबून पाहिला. एका जागी ताठ आणि समोरच्या जागी सैल लागली, की एक्सल वाकलाय असं समजायचं. इथे चारही जागी ताण सारखाच होता. इंजिनाचे बोल्ट पक्के होते. तीन आठवड्यांपूर्वी सरावात रंजनीची कार्ट टायरच्या भिंतीवर आदळली होती आणि त्यानंतर एक्सल नवाच घातला होता, म्हणजे तो वाकायचं कारणच नव्हतं. त्या दुरुस्तीतली आणखी एक गोष्ट महेशच्या मनाच्या कडेला येऊन गेली असेल, पण त्याने तिला तिथे थांबू दिलं नाही.

सगळं सरळ होतं. चेनमध्ये एक बोट ढील ठेवून त्याने शेवटचा बोल्ट आवळला. तेव्हा आपण मामांचंच माप ठेवलंय हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याने मुद्दाम पाना घेऊन ताण थोडा वाढवला.

सव्वा वाजता दुसरी हीट सुटली. ऊन असं होतं की ट्रॅकच्या पलीकडची माणसं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. पहिल्या फेरीत रंजनी तिसरी होती, तिसऱ्या फेरीत दुसरी. चौथ्या फेरीला तिने पुढच्याला आतून गाठलं आणि ती पहिली झाली. महेशने श्वास सोडला. पाचव्या फेरीत, त्याच लांब डाव्या वळणाच्या मध्यावर, चेन तुटली.

या वेळी ती अडकली नाही, उडाली. तिचं एक टोक पत्र्याच्या संरक्षक झाकणावर बसलं आणि झाकण रंजनीच्या कोपरापाशी आत वाकलं. झाकण नसतं तर ते टोक कुठे बसलं असतं याचा विचार महेशने तिथे उभ्या उभ्या केला, आणि मगच तो धावला.

रंजनी कार्टमधून उतरून स्वतःच चालत आली. तिच्या कोपरावर लाल वळ उठला होता. पावणेचारच्या अंतिम शर्यतीत आता तिला सर्वांच्या मागून सुरुवात करावी लागणार होती. तरी गुणांचा हिशेब तिने चालता चालताच मनात केला होता. अंतिम शर्यतीत ती पहिल्या पाचांत आली तरी मोसम तिचाच होता. ती महेशला म्हणाली, "अण्णा, या वेळी मामांनी हात लावला नव्हता."

एवढं बोलून ती तंबूत गेली. ती चिडून ओरडली असती तर महेशला बरं वाटलं असतं.

तो सुरूच्या झाडांखाली गेला. वेंकोबा बैठक मारून बसले होते. त्यांच्यासमोर रुमालावर सकाळची उतरलेली जुनी चेन ठेवलेली होती. महेशने पेटीजवळ टाकून दिलेली ती त्यांनी कधी उचलून आणली होती, हे त्याला कळलंही नव्हतं. तो शेजारी बसला. नवी चेनही तुटली, ते त्याने सांगितलं. वेंकोबांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, आज ती तीनदा गेली आणि तिन्ही वेळा त्याच वळणावर गेली. या ट्रॅकवर बाकी सगळी मोठी वळणं उजवीकडे आहेत, भर वेगात घ्यायचं डावं वळण हे एकच. दुसऱ्या हीटमध्ये ते मुद्दाम त्या वळणाच्या कुंपणापाशी जाऊन उभे राहिले होते. दर फेरीला तिथे चेनचा आवाज बदलायचा, खरखरायचा, आणि वळण संपलं की पुन्हा गप्प व्हायचा.

त्यांनी चेन उचलली आणि दोन कड्या महेशसमोर धरल्या. कडीच्या दोन बाजूंना दोन पट्ट्या असतात. आतल्या बाजूची पट्टी काळसर होती, तेलाचा थर होता तसाच होता. बाहेरच्या बाजूची पट्टी मात्र आतून घासून आरशासारखी चमकत होती. पुढची कडी तशीच, तिच्या पुढचीही तशीच. स्प्रॉकेटचे दात फक्त एकाच बाजूला घासत होते.

"स्टँडवर चेन सरळ अहे, महेशराव," वेंकोबा म्हणाले. "मी सकाळी पाहिलों, तुम्हींही पाहिलांत. पळताना ती सरळ नाहीं."

मग त्यांनी मिलमधली एक हकीकत सांगितली. तिथला एक कन्व्हेयर रिकामा असताना अगदी मधून चालायचा. ठोकळे चढले की अर्ध्या तासात साखळी एका बाजूला सरकायची. चार दिवस सगळे साखळीच तपासत होते. शेवटी कळलं, की खालच्या बिडाच्या पायाला चीर होती आणि वजन आल्याशिवाय ती उघडत नव्हती.

महेश उठला. स्टँडवर कार्टची चाकं हवेत असतात. तिच्यावर वजन नसतं, वळणाचा जोर नसतो. आपण दिवसभर एका रिकाम्या, निवांत कार्टची तपासणी करत बसलो होतो, हे त्याला लख्ख दिसलं. सव्वादोन वाजले होते.

दोघांनी कार्ट स्टँडवरून जमिनीवर घेतली. रंजनीला हेल्मेटसकट सीटवर बसवलं. डाव्या वळणात सगळा भार उजव्या मागच्या चाकावर येतो, आणि इंजिन, चेन, स्प्रॉकेट, सगळं उजवीकडेच असतं. वेंकोबांनी पोलादी पट्टी स्प्रॉकेटला टेकवून धरली. महेशने उजव्या चाकाला खांदा लावला आणि आतल्या बाजूला पूर्ण ताकदीने रेटलं.

"अजून," वेंकोबा म्हणाले.

महेशने पाय रोवून पुन्हा जोर दिला. पट्टी आणि स्प्रॉकेट यांच्यामध्ये उन्हाची एक बारीक रेघ दिसली. ती रुंदावली. एक रुपयाचं नाणं उभं बसेल एवढी झाली. महेशने खांदा काढला, तशी रेघ मिटली आणि स्प्रॉकेट मुकाट्याने जागेवर आलं.

एक्सल ज्या बेअरिंगमधून जातो, ते बेअरिंग एका जाड पोलादी ब्रॅकेटमध्ये बसवलेलं असतं आणि तो ब्रॅकेट चेसिसच्या, म्हणजे कार्टच्या सांगाड्याच्या, नळीला वेल्डिंगने जोडलेला असतो. महेश पालथा झोपला आणि त्याने त्या सांध्याखालून बोट फिरवलं. वरून काळा रंग गुळगुळीत होता. खालच्या बाजूला, जिथे वाकल्याशिवाय नजर जात नाही, तिथे त्याच्या नखाला धार लागली. त्याने खिशातला टॉर्च काढला. रंगाला केसाएवढा तडा गेला होता, आणि तो नळीच्या कडेने सांध्यासोबत अर्ध्यापर्यंत फिरला होता.

तो सांधा त्याने स्वतः वेल्ड केला होता.

टायरच्या भिंतीवर कार्ट आदळली, तेव्हा हा ब्रॅकेट नळीपासून थोडा सुटला होता. रीतसर करायचं तर चेसिस बदलायला हवं होतं. नवं चेसिस यायला दीड महिना लागला असता आणि मोसम तिथेच संपला असता. महेशने चेसिस कारखान्यात नेऊन शनिवारी दुपारी, वेल्डिंगचा माणूस जेवायला गेलेला असताना, स्वतः दोन ठिकाणी जोड मारले, वर कानस फिरवली आणि रंग दिला. रंजनीच्या घरी सगळ्यांना सांगितलं की चेसिस सरळ करून आणलं. खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं. आज सकाळी तांत्रिक तपासनीस उपेंद्र यांनीही कार्ट पाहून सही केली होती, कारण त्यांना रंगच दिसला होता.

तो पालथाच होता. शेजारी वेंकोबा गुडघ्यावर वाकून तिकडेच बघत होते. मिलमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला जुन्या सांध्यावरचं नवं वेल्डिंग ओळखायला टॉर्च लागत नाही. त्यांनी हातातली पट्टी हळूच खाली ठेवली.

सीटवरून रंजनीने विचारलं, काय सापडलं का.

"बेअरिंगचा ब्रॅकेट हलतोय," महेशने तसंच झोपून सांगितलं.

ती लगेच उतरली आणि खाली वाकली. तिला तडा दिसला, पण वेल्डिंगचं काही कळलं नाही. तिचं डोकं पुढे धावत होतं. कोवलमला बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे आहेत, त्यांच्याकडे वेल्डिंगचं यंत्र असतं, गाडीने वीस मिनिटं जायला, वीस यायला. अंतिम शर्यत बारा फेऱ्यांची आहे. बारा फेऱ्या टिकलं की झालं. डाव्या वळणावर ती जपून जाईल, तिथे हवं तर दोन जण पुढे निघून जाऊ देत. ती बोलत होती आणि महेश ऐकत होता, आणि त्यातला प्रत्येक शब्द त्याला पटावासा वाटत होता. कोवलमला जाऊन जोड मारून आणला असता, तर जुन्या जोडावर नवा बसला असता, वर पुन्हा रंग, आणि जुना कुणी मारला होता हे कधी कुणी विचारलं नसतं. त्याने हळूच वेंकोबांकडे पाहिलं.

"त्याच्यावर पुन्हा मारून धरणार नाहीं," वेंकोबा जमिनीकडे बघत म्हणाले. "बाजूचं लोखंड मेलं अहे."

"बारा फेऱ्या, मामा. पन्निरंडे लॅप्स."

वेंकोबांना अजून काही सांगायचं होतं, पण ते सांगणं त्यांचं नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं.

एवढ्यात रंजनीची आई चंद्रिका डबा घेऊन आली. ती शाळेत गणित शिकवायची आणि मुलीच्या शर्यतींना एरवी येत नसे. बघवत नाही म्हणायची. आज अंतिम शर्यत म्हणून मांबलमहून दोन बस बदलून आली होती. तिने मुलीच्या कोपरावरचा वळ पाहिला, वाकलेलं झाकण पाहिलं, आणि डबा खाली न ठेवताच महेशसमोर उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"महेशराव, मला यंत्रांतलं समजत नाहीं. तुम्हींच सांगा. ही आता चालवायला नीट अहे ना?"

महेश उठून बसला. गुडघ्याला माती लागली होती, ती त्याने झटकली. तीन वर्षांत या बाईने त्याला हा प्रश्न कधी विचारला नव्हता. शर्यतीला ती येत नव्हती, ती सगळं त्याच्यावरच सोपवून. रंजनी त्याच्याकडे बघत होती. तिला हवं असलेलं उत्तर तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"नाही," तो म्हणाला. "नीट नाही. तीन आठवडे नीट नव्हती."

मग त्याने सगळं सांगितलं. सावकाश, एकामागून एक. ब्रॅकेट सुटला होता हे, तो आपण स्वतः जोडला हे, आपण वेल्डर नाही हे, वर रंग लावला हे, आणि कुणालाच बोललो नाही हे. सकाळपासून चेन तीनदा गेली ती याच्यामुळे. मामांची ढील बरोबर होती. "मी सगळ्यांसमोर मामांना बोललो. दोष माझा होता."

रंजनीचा चेहरा आधी कोरा झाला. नंतर ती तमिळमध्ये बोलू लागली, भराभर. महेशला अर्धं समजलं आणि तेवढं पुरेसं होतं. तिने विचारलं, की त्याला ठाऊक होतं तर सकाळी पहिल्यांदा चेन गेली तेव्हाच तिथे का पाहिलं नाही. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की मला तिथे बघायचं नव्हतं. मग ती मान वर करून मराठीत म्हणाली, "तरी मी चालवणार. जोखीम माझी. बारा फेऱ्या."

चंद्रिकाने तोंड उघडलं, पण महेशने तिच्या आधी हालचाल केली. पेटीतली टायर बसवायची लांब लोखंडी कांब त्याने उचलली. तिचं टोक ब्रॅकेट आणि नळी यांच्यामध्ये घातलं. मोडायची परवानगी त्याने कुणाची घेतली नाही, आणि पुढे कित्येक दिवस त्या गोष्टीबद्दल आपण बरोबर केलं की चूक हे त्याला ठरवता आलं नाही. त्याने दोन्ही हातांनी कांब धरली आणि आपलं वजन तिच्यावर टाकलं.

दुसऱ्यांदा टाकावं लागलं नाही. कडकन आवाज झाला. ब्रॅकेट नळीपासून निखळला आणि एक्सल एका बाजूने जमिनीकडे लटकला. तुटलेला भाग उघडा पडला. कडेला जेमतेम नखाएवढी चमकदार पट्टी होती. सांधा फक्त तेवढ्यावर टिकला होता. बाकी सगळी तोंडं काळी, जुनी पडली होती. ती कधीच सुटलेली होती.

रंजनी खाली बसली आणि त्या काळ्या तोंडावरून तिने बोट फिरवलं. ते बोट तिने बराच वेळ निरखून पाहिलं. मग हातमोजे काढून सीटवर ठेवले.

महेश उपेंद्रांकडे गेला. कार्ट मागे घेतो, असं त्याने लिहून दिलं. कारणाच्या जागी त्याने "यांत्रिक बिघाड" असं लिहायला घेतलं होतं, ते खोडून सविस्तर लिहिलं. उपेंद्रांनी वाचलं, चष्मा काढला, आणि आपणही सकाळी खाली वाकून पाहायला हवं होतं, एवढंच म्हणाले. कागदाची एक प्रत ते समितीकडे पाठवणार होते. महेशला काही महिने मेकॅनिक म्हणून ट्रॅकवर येता येणार नाही अशी शक्यता होती. महेशने मान डोलावली.

पावणेचारला अंतिम शर्यत सुटली. रंजनी कुंपणापाशी उभी राहून ती पाहत होती, आईचा हात खांद्यावर. ती जागा सोडून निघून जाईल असं महेशला वाटलं होतं, पण ती शेवटच्या फेरीपर्यंत तिथेच राहिली. मोसम तिच्या हातून चार गुणांनी गेला. जिंकलेला मुलगा हेल्मेट काढून तिच्याकडे आला आणि दोघं काहीतरी बोलली. महेश लांब होता, त्याला ऐकू आलं नाही.

तो हत्यारं भरत होता. वेंकोबा येऊन शेजारी उकिडवे बसले आणि पाने पुसून त्याच्या हातात देऊ लागले. महेशने माफी मागितली, नीट, नजर वर करून. वेंकोबांनी ती ऐकून घेतली. दोन पाने पुसून झाल्यावर म्हणाले, "तो रंग मी त्याच दिवशीं पाहिलों. नवा होता, तिथेंच का म्हणून मनांत आलं. विचारलों नाहीं. तुम्हीं इंजिनिअर, मी मिलचा माणूस." ते थांबले. "विचारायला पाहिजे होतं. पोर माझी."

महेशने हात पुढे केला, वेंकोबांनी पुढचा पाना दिला, आणि पेटी भरेपर्यंत दोघं तसेच काम करत राहिले.

त्यानंतर पाच आठवडे रंजनीचा फोन आला नाही. महेशने दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही, मग त्याने पाठवणं थांबवलं. रविवारी तो शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून राही आणि बायको काही विचारत नसे. समितीने त्याला सहा महिन्यांसाठी बाहेर ठेवलं. ते पत्र त्याने घडी करून पाकिटात ठेवलं.

सहाव्या आठवड्यात वेंकोबांनी फोन केला. दुसऱ्या एका संघाचं वापरलेलं चेसिस मिळालं होतं, ते मांबलमच्या घराच्या मागच्या अंगणात आणून ठेवलं होतं. महेशला सवड असेल तर यावं. सहा महिने ट्रॅकवर बंदी होती, अंगणात नव्हती.

महेश गेला तेव्हा त्या चेसिसवर रंगाचा एक टिपका नव्हता. वेंकोबांनी चार दिवस बसून सगळा रंग खरवडून काढला होता आणि नळ्या उघड्या, राखाडी दिसत होत्या. शेजारी स्टुलावर दोन डबे होते. एकात लाल पातळ रंग, दुसऱ्यात पांढरी पूड. लाल रंग सांध्यावर लावायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा आणि वर पांढरी पूड फवारायची. कुठे केसाएवढी जरी चीर असली तरी आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर रेघ होऊन उमटतो. मिलमध्ये ते असंच करत.

रंजनी जमिनीवर बसून एकेका सांध्याला लाल रंग लावत होती. महेश आला हे तिला कळलं होतं, पण तिने हातातला सांधा पूर्ण केला, ब्रश ठेवला, मगच वर पाहिलं.

"एकूण बावीस सांधे आहेत," ती म्हणाली. "मी मोजले. तुम्ही त्या टोकाकडून या, मी इकडून. मामा दोघांचे पुन्हा तपासणार. आणि नंतर मी पुन्हा."

महेशने चपला काढल्या, दुसरा ब्रश उचलला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.